पत्ते खरे बोलले असे वाटते तेव्हा

मोबाइलच्या पडद्यावर तीन पत्ते पालथे पडलेले असतात. पहिल्यावर बोट टेकवले की तो उलटतो, खाली चार-पाच ओळींचा मजकूर उमटतो, आणि त्यातल्या एखाद्या वाक्यापाशी डोळे थबकतात. हे आपल्याबद्दलच लिहिले आहे, असे कुणी न सांगता वाटून जाते, आणि मग उरलेले दोन पत्ते आपण जरा जास्तच विश्वासाने उलटतो. ऑनलाइन टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य, पाहणाऱ्यांना हा क्षण चांगला ओळखीचा असतो. रीडिंग बरोबर होते कशावरून, असे विचारले तर बहुतेक जण त्या क्षणाचीच साक्ष काढतात: "आतून कळतं ना." नात्यातल्या मुलींकडून, भजनाला येणाऱ्या बायकांकडून, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरायला येणाऱ्यांकडूनही हे उत्तर मी ऐकत आले आहे. मी स्वतःही अधूनमधून पत्ते पाहते. करमणूक म्हणून पाहते असे सांगते आणि करमणुकीला लागते त्यापेक्षा जास्त मन लावून वाचते. त्यामुळे हे 'आतून कळणे' नेमके कशाचे कळणे असते, हा प्रश्न मला दुसऱ्यांवर ढकलता येत नाही.

पत्त्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगते, कारण पुढच्या गोष्टीला तो लागणार आहे. टॅरोच्या जोडात ७८ पत्ते असतात. त्यांतले २२ मेजर आर्कानाचे, म्हणजे सूर्य, चंद्र, मृत्यू, मनोरा अशा भारदस्त चित्रांचे. उरलेले ५६ मायनर आर्कानाचे, कप्स, वाँड्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार रंगांत वाटलेले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते जन्माला आले ते डाव खेळण्यासाठी. मिलानच्या सरदार घराण्यांनी ते सोन्याचा वर्ख लावून रंगवून घेतले होते. भविष्याशी त्यांची गाठ पडली ती अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. अँत्वान कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने १७८१ मध्ये, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे, असे छापून टाकले. इजिप्तची चित्रलिपी उलगडल्याचे शांपोल्यों याने जाहीर केले ते १८२२ मध्ये, तेव्हा जेबलँच्या म्हणण्याची शहानिशा करणे त्या काळी कुणालाच शक्य नव्हते. त्याच सुमारास पॅरिसमधल्या आलिएत नावाच्या गृहस्थाने आपल्या आडनावाची अक्षरे उलटी लिहून 'एतेला' असे गूढ नाव धारण केले आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची रीत लोकांना शिकवायला घेतली. आजच्या काळात असता तर त्याचे चॅनेल जोरात चालले असते, याविषयी मला शंका नाही.

आपल्या मोबाइलवर सर्वांत जास्त दिसणारी चित्रे मात्र त्यांच्यापैकी कुणाची नाहीत. ती लंडनमध्ये १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या जोडातली, किंवा त्या जोडावरून उचललेली असतात. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तोपर्यंतच्या बहुतेक जोडांत मायनर आर्कानाच्या आकड्यांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हे मोजून काढलेली असत, आपल्या नेहमीच्या पत्त्यांवर आठ बदाम असतात तशी. स्मिथने त्यांतल्या बहुतेक पत्त्यांवर माणसे आणली. कुणी रडते आहे, कुणी ओझे वाहते आहे, कुणी पाठ फिरवून चालले आहे. बऱ्याच चेहऱ्यांवर तिने पाहणाऱ्याला आपले घालण्याइतकी जागा ठेवली आहे. एवढ्या मोठ्या कामाचे फारच थोडे पैसे मिळाले, असे तिने स्वतः एका पत्रात लिहिले होते. उतारवय तिने इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या समुद्रकाठच्या गावात काढले आणि १९५१ मध्ये ती तिथेच वारली. टॅरोच्या 'अचूकपणा'चे मोठे श्रेय या बाईंच्या कुंचल्याला द्यायला हवे असे माझे मत आहे, आणि ते मत पक्के झाले आमच्याच घरी, गणपतीच्या दिवसांत.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. चतुर्थीला चाकरमानी येतात तशी तीही देवगडला आली होती, पण परत जायचे की नाही याचीच तिच्या मनात घालमेल चालली होती. नोकरी सोडावी, गावी राहावे, घराच्या मागच्या दोन खोल्या नीट करून पर्यटकांना द्याव्यात, असा तिचा विचार होता आणि तो तिने घरात अर्धाच सांगितला होता. रात्री आरत्या आणि भजन आटोपल्यावर ती गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, जाऊन बसली, कारण आमच्याकडे मोबाइलला रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. मी तिच्या शेजारी होते. तिने एका अ‍ॅपवर तीन पत्ते काढले. मधला आला फोर ऑफ पेंटॅकल्स: एक माणूस शहराकडे पाठ करून बसलेला, एक नाणे मुकुटावर, एक छातीशी कवटाळलेले, दोन पायांखाली दाबून धरलेली. खालचा मजकूर मिळकतीला आणि सुरक्षिततेला घट्ट धरून राहण्याबद्दल होता. तो मजकूर वाचून संपण्याआधीच तिचा अंगठा 'पुन्हा काढा' या बटणावर गेला होता. ते मी पाहिले, तिच्या मात्र ध्यानातही आले नसावे.

दुसऱ्या खेपेला एट ऑफ कप्स आला. खाली पाच आणि वर तीन असे आठ प्याले रचलेले आहेत, वरच्या ओळीत एक जागा रिकामी आहे, आणि लाल वस्त्रातला एक माणूस हातात काठी घेऊन, त्या प्याल्यांकडे पाठ करून, रात्रीच्या वेळी पाण्याच्या कडेने डोंगराकडे चालला आहे. वर चंद्र आहे, आणि त्याला चेहरा आहे. पुतणीने सुस्कारा टाकला. "काकी, बघ. हेच. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि हेच आलं." ती तशीच मोबाइल घेऊन घरात गेली आणि तिने तो पत्ता आईला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला दाखवला. जाऊबाईंनी चष्मा चढवून चित्र नीट पाहिले, मजकूर मुलीकडून वाचून घेतला, आणि मान डोलावली. "पत्ते पण तांच सांगतत. हय रव नको."

मुलीला दिसले ते पुणे सोडून निघालेले माणूस. आईला दिसले ते गाव सोडून निघालेले माणूस, आणि तिचा काय दोष? कोकणातल्या कुठल्याही घरात हे चित्र टांगले तर त्या घरातून मुंबईला गेलेल्या कुणाचे तरी नाव त्याला द्यायला फार वेळ लागणार नाही. पत्ता एकच, मजकूर एकच, समाधानही दोघींना तितकेच झाले, आणि दोघींचे म्हणणे एकमेकींच्या नेमके उलटे होते. दोघींनाही 'आतून' कळले होते. त्यांतल्या एकीचे आतले खरे आणि दुसरीचे खोटे, असे ठरवायला त्या चित्रात काहीच नाही. परंतु मुलीला काय हवे आहे आणि आईला काय हवे आहे, हे त्या पाच मिनिटांत मला जितके स्वच्छ दिसले तितके आधीच्या चार दिवसांच्या बोलण्यातून दिसले नव्हते. त्यांच्या अंतर्मनाने साक्ष खरी दिली होती, ती पत्त्यांविषयी नव्हती एवढेच. आणि त्या साक्षीतही माझ्या मते सर्वांत बोलके होते ते 'पुन्हा काढा' हे बटण, कारण ज्याला खरोखर कौल हवा आहे त्याला पहिला पत्ता पुरतो.

या विषयावर लिहिणारे सगळे जण बर्ट्रम फोरर यांच्या प्रयोगाकडे जातात, आणि मलाही जाणे भाग आहे. फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाच्या हाती त्याचे वर्णन दिले. ते कितपत जुळते याला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला की सर्वांच्या हातातला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्ये बहुतांशी पुस्तकांच्या स्टॉलवर मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. कधी तुम्ही मोकळेपणाने मिसळता, तर कधी आपल्यातच राहता, अशा धाटणीची ती वाक्ये. पुढे १९५६ मध्ये पॉल मील यांनी या प्रकाराला सर्कसवाल्या बार्नमचे नाव चिकटवले, आणि तेव्हापासून टॅरो-ज्योतिष मानणाऱ्यांना भोळे ठरवण्यासाठी तो प्रयोग ज्याच्या त्याच्या तोंडी असतो.

मला त्यातून वेगळेच दिसते. ते विद्यार्थी भोळे नव्हते. ती वाक्ये त्यांच्याबाबतीत खरोखरच खरी होती! माणूस कधी मोकळा असतो आणि कधी मिटलेला असतो, यात खोटे काय आहे? चूक झाली ती 'हे खरे आहे' म्हणण्यात नव्हे, तर 'हे माझेच आहे' असे धरून चालण्यात. म्हणून एखादे रीडिंग मनाला भिडले की मी त्यातले एकेक वाक्य घेऊन स्वतःला विचारते की हे कुणाला लागू पडणार नाही? 'तुम्ही इतरांसाठी खूप केले, पण तुमची कदर झाली नाही.' आमच्या गावात हे वाक्य ज्याला लागू नाही असा माणूस मला शोधूनही सापडलेला नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यासाठी काडी उचलली नाही त्यांना तर ते सर्वांत आधी पटते. उलट 'येत्या पावसाआधी तुमची जमिनीची वाटणी कोर्टाबाहेर मिटेल' हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत सपशेल चुकेल, आणि म्हणूनच ते बरोबर आले तर त्याला काही अर्थ राहील. असली वाक्ये अ‍ॅपवर मला फारशी आढळत नाहीत.

थोडा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. अ‍ॅपमध्ये पत्त्यांचा जोड नसतो. क्रम विस्कटून टाकणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, आणि तो आपले काम चोख करत असेल तर तीन पत्ते क्रमाने येण्याच्या ४,५६,४५६ शक्यता असतात. एवढ्यांतून नेमके हेच तीन माझ्या वाट्याला यावेत, याचे नवल वाटणे साहजिक आहे. पण कुठलेही तीन आले असते तरी ते तितकेच दुर्मीळ ठरले असते. तीन पत्त्यांत मेजर आर्कानाचा निदान एक तरी भारदस्त पत्ता येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के असते. 'आज मोठा पत्ता आला, म्हणजे काहीतरी मोठे घडणार' असे मला कुणी सांगितले की मी हा आकडा सांगते, आणि संभाषण बहुतेक वेळा तिथेच संपते. विश्वाला आपला निरोप प्रोग्राममार्फतही धाडता येतो, असे श्रद्धावान म्हणतात. धाडता येत असेलही. माझा मुद्दा निरोप ओळखणाऱ्याबद्दल आहे.

आतून कळणे ही गोष्टच खोटी आहे, असे मात्र कुणी म्हणू लागले तर मी त्याला आमच्या आंब्याच्या खळ्यात आणून बसवीन. माझ्या चुलत सासूबाई झेल्यातून उतरलेला हापूस हातात घेतात, एकदा फिरवतात, आणि चौदा आणे तयार की बारा आणे (पुरता तयार तो सोळा आणे) ते सांगून तो त्या-त्या ढिगात ठेवतात. कशावरून, असे विचारले तर सुरुवातीला त्याही "कळता" एवढेच म्हणतात. फारच खनपटीला बसले तर देठाजवळचे भरलेले खांदे, देठापाशी पडलेली खळी, सालीच्या हिरव्यात उतरलेला पोपटीपणा, आकाराच्या मानाने हाताला लागणारे वजन, अशी एकेक खूण सांगत जातात. त्यांचा हात क्वचितच चुकतो. आठ-दहा दिवसांनी अढी उघडली की कुठला आंबा बरोबर पिकला आणि कुठला सुरकुतला ते समोर येते, आणि असे हंगामामागून हंगाम गेले आहेत. त्याच सासूबाईंना साका मात्र बाहेरून ओळखता येत नाही. वरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्याच्या आत गराला पांढरट, आंबूस, भुसभुशीत जागा धरते आणि ती कापल्यावरच दिसते, कारण सालीवर तिची खूण उमटतच नाही. "ता माका कळणा नाय," असे त्या सरळ सांगतात. कुठे हात चालतो आणि कुठे चालत नाही हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या 'कळता' या शब्दाला मी मान देते.

डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला, त्याची मला सासूबाईंकडे पाहताना आठवण होते. कानेमन यांचे आयुष्य माणसाचे अंदाज कसे फसतात ते दाखवण्यात गेले, तर क्लाइन हे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना धोका आधी कसा जाणवतो याचा अभ्यास करणारे. म्हणजे दोघे परस्परविरुद्ध गोटांतले. तरीही दोघांचे एकमत झाले की आतल्या जाणिवेवर विसंबायचे तर दोन गोष्टी हव्यात. ज्या क्षेत्रात आपण अंदाज करतो तिथे खुणा आणि परिणाम यांचे काही नियमित नाते हवे, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला हे कळून ते नाते शिकण्याची पुरेशी संधी मिळायला हवी. आपल्याला किती ठाम वाटते, हा काही पुरावा नव्हे, असेही त्यांनी बजावले आहे. आंब्याला या दोन्ही गोष्टी लागू आहेत, साक्याला पहिलीच नाही. आणि टॅरोला? पत्ता आणि पुढे घडणारी गोष्ट यांच्यात नियमित नाते आहे असे मानले, तरी ते पडताळायला मिळते कुठे? 'मोठा बदल येतो आहे' हे खरे ठरले की नाही ते सहा महिन्यांनी बघायचे म्हटले तर तोवर प्रश्न बदललेला असतो, मजकूर विसरलेला असतो, आणि जुळलेले तेवढे आठवणीत राहिलेले असते. पुतणीला आईच्या फोनवरच्या नुसत्या 'हां'वरून घरात काहीतरी बिनसले आहे हे कळते, आणि ते मी मानते, कारण त्या 'हां'चा पडताळा तिने लहानपणापासून घेतला आहे. पत्त्यांच्या बाबतीत तिच्या त्याच मनाला तालीमच मिळालेली नाही.

समोर पत्ते वाचणारी व्यक्ती असेल, व्हिडिओ कॉलवर का होईना, तर गोष्ट थोडी निराळी होते, आणि इथे मला गंमत वाटते. अनुभवी टॅरो रीडरचे अंतर्मन खरोखर तयार झालेले असते. ती एक वाक्य टाकते, तुमची भुवई हलते, तुम्ही 'हो हो' म्हणता किंवा नुसत्या गप्प राहता, आणि तिला त्याच क्षणी कळते की वाक्य लागले की नाही. आंब्याला आठ-दहा दिवस लागतात, इथे एक सेकंद पुरतो. तिचा हात बसतो तो तुम्हाला काय भिडते हे ओळखण्यात, आणि पुढच्या वर्षी काय होणार हे ओळखण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. अशा काही बायका खरोखर समंजस असतात आणि त्यांच्याशी अर्धा तास बोलून मन हलके होते, हे मी नाकारणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकीला नवरा गेल्यानंतर दुसऱ्या कुणापेक्षा अशाच एका रीडरने जास्त ऐकून घेतले. त्या अर्ध्या तासाचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. ते पत्त्यांच्या नावावर जमा झाले, एवढेच.

प्रश्न टाइप करून घेणारी नवी अ‍ॅप हे काम माणसाशिवाय करतात. तुम्ही जितके सविस्तर लिहाल तितके उत्तर नेमके येते, आणि त्या नेमकेपणाने माणूस थक्क होतो. 'मला पुण्यातली नोकरी सोडून गावी काहीतरी सुरू करायचे आहे पण आईला वाईट वाटेल अशी भीती वाटते' असे लिहिल्यावर उत्तरात मुळांकडे परतणे आणि मातेच्या अपेक्षा आल्या, यात पत्त्यांची कसली कमाल? तोच प्रश्न 'नोकरीविषयी' एवढ्या एका शब्दात विचारून पाहावा, म्हणजे नेमकेपणा कुठून येत होता ते समजते. आणि सर्वांसाठी म्हणून केलेल्या व्हिडिओंची तऱ्हा तर विचारूच नये. 'हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोहोचला, म्हणजे तो तुमच्यासाठीच आहे' असे सुरुवातीला सांगतात. तो पोहोचतो कारण आदल्या रात्री आपण तसलेच दुसरे काहीतरी पाहत बसलेले असतो. 'जे जुळेल ते घ्या, बाकीचे सोडून द्या' असे शेवटी सांगतात. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही बोलले जाईल ते चुकण्याची सोयच ठेवलेली नसते.

एका बाबतीत मात्र मी समजुतीचा सूर सोडते. भीतीही आतून लागते, आणि आनंदापेक्षा जास्त खोल लागते. 'जवळच्याच कुणाची तुमच्यावर नजर आहे' असे पडद्यावर आले की पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यालाच माणसे अचूकपणाची खूण समजतात. देवचाराच्या गोष्टी ऐकत आणि मीठ-मिरचीने दृष्ट काढून घेत वाढलेल्या आम्हा माणसांत हे बी रुजायला वेळ लागत नाही. त्या वाक्यानंतर लगेच उपाय येतो, उपायाची रक्कम येते, आणि तीही आजच्या आज भरायची असते. असे रीडिंग कितीही भिडले तरी ते बंद करावे आणि ज्याच्यावर संशय आला त्याच्याकडे चहाला जावे, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

कोकणात बसून हे सगळे लिहिताना कौलाचा विषय टाळणे शक्य नाही. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवासमोर गाऱ्हाणे घालतो, प्रश्न मोठ्याने सांगतो, आणि पाषाणावर ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. चिकटवण्याची रीत आणि जागा गावागणिक बदलतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. आचऱ्याच्या गावपळणीत सगळा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो, आणि तीन दिवस तीन रात्री झाल्यावरही रामेश्वराचा कौल झाल्याशिवाय परतत नाही. पाकळी पडण्यामागे देव आहे की ओलावा आणि वारा, यावर मी वाद घालणार नाही. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. प्रश्न आधी ठरतो आणि चार माणसांच्या कानांवर पडतो, कुठली बाजू म्हणजे काय हेही आधीच ठरलेले असते, आणि पाकळी पडल्यावर तिचा अर्थ आपल्या मनाप्रमाणे लावायला जागा उरत नाही. आपल्याला न पटणारे उत्तर तिथे येऊ शकते. अ‍ॅपवर ते येऊच शकत नाही, कारण न पटलेल्या पत्त्यासाठी बटण आहे. अर्थात कौलाचे फार गोडवे गाण्यातही हशील नाही. डावा कौल आला की गाऱ्हाण्यात 'काय चुकला-माकला असात तर' असे घालून तोच प्रश्न जरा वळवून पुन्हा विचारणारी वजनदार मंडळी मी पाहिली आहेत, आणि गुरवही त्यांच्यासमोर नाही म्हणत नाहीत.

जाऊबाईंना मोबाइलवरचे पत्ते आवडले तरी त्यांचा खरा भरवसा कौलावर, त्यामुळे गणपती गेल्यावर त्यांनी मुलीला घेऊन गुरवाचे घर गाठले. त्याने पहिलाच प्रश्न केला की नेमके विचारायचे काय? पुण्याची नोकरी सुरू ठेवावी काय, असे आईचे म्हणणे. गावी येऊन धंदा सुरू करावा काय, असे मुलीचे. एका प्रश्नाचा डावा कौल म्हणजे दुसऱ्याचा उजवा असे होत नाही, हे त्याने दोघींना शांतपणे समजावले आणि घरी बसून शब्द ठरवून या म्हणून सांगितले. ते शब्द ठरवताना पहिल्यांदाच घरात पैशांचा विषय निघाला, लग्नाचा निघाला, मागच्या खोल्यांच्या गळक्या कौलांचा निघाला, आणि वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का हे विचारून पाहण्याची तिसरी वाटही निघाली. देवळात कौल अजून लावलेला नाही. पुतणी पत्ते अजूनही काढते. काढण्याआधी ती आता आपला प्रश्न मला लिहून पाठवते, आणि कधीकधी तो मी तिला तसाच परत पाठवते, कारण त्यात उत्तर तिने आधीच लिहिलेले असते.